पाठ फिरवून ऐकायची परीक्षा

प्रिय दादा,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. पानं उठली, मंडळी पांगली, वहिनी आत जरा आडव्या झाल्यात आणि मी गॅलरीत पाट टाकून तुला लिहायला बसलेय. आजच का, ते सांगते. जेवताना मालाडचे काका म्हणाले, "पोरगा विमान झकास चालवायचा, पण डॉक्टरी तपासणीत नापास झाला बिचारा." तुझी मंजू आमटी वाढत होती. ती थांबली आणि मला म्हणाली, "आत्या, बाबा खरंच नापास झाले होते?"

मी म्हटलं, भात संपलाय बघ, आत जाऊन आण. दहा वर्षांच्या मुलीला मी एवढंच उत्तर दिलं!

अजूनही मला नवल वाटतं, दादा. आपल्या घराण्यात सगळ्यात उंच गेलेला माणूस म्हणजे माडावर चढणारे आजोबा. आणि तू, गिरणीच्या साळखात्यातला सुपरवायझर, आठवडाभर मागांच्या खडखडाटात उभा राहायचास आणि रविवारी सकाळी जुहूला फ्लाइंग क्लबात जाऊन विमान शिकायचास. पोटासाठी नव्हे, निव्वळ हौस म्हणून. हौसेला मोल नाही म्हणतात, पण अशी हौस गोरेगावात आपल्या ओळखीत दुसऱ्या कुणाला होती?

तू पहिल्यांदा एकट्याने उडालास तेव्हा मी आणि आई जुहूच्या वाळूत उभ्या होतो. ते इवलंसं विमान आमच्या डोक्यावर आलं आणि समुद्राकडे वळलं. आईने पदर सावरून हात जोडले. मी म्हटलं, "अगं, दादा आहे तो." ती म्हणाली, "म्हणूनच."

पुढे संप झाला, गिरणी गेली. तू अंधेरीला एका कारखान्यात लागलास, पण रविवार काही सोडला नाहीस. अखेर लायसन्स हातात आलं. तोवर तुझ्या मेडिकल सर्टिफिकेटची मुदत संपत आली होती. लायसन्स कितीही खरं असलं तरी डॉक्टरचं सर्टिफिकेट चालू नसेल तर तो नुसता कागद, हौशी पायलटालासुद्धा त्यातून सूट नाही, हे मला तेव्हा कळलं. तू म्हणालास, नवं सर्टिफिकेट मिळालं की पुढच्या रविवारी बाजूच्या सीटवर शोभा. मी आठ दिवस आधीच केस बांधायला रुमाल काढून ठेवला.

तपासणीला तू मला बरोबर नेलंस. डॉक्टरांनी डोळे तपासले, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचून घेतले, रक्तदाब पाहिला. मग कान. त्यांनी तुला पाठ फिरवून बसवलं आणि मागे चार पावलांवरून साध्या आवाजात एकेक शब्द बोलू लागले. तू लगेच तो परत म्हणायचास. एकही चुकला नाहीस. मी दाराशी स्टुलावर बसून गालात हसत होते. सही झाली, शिक्का बसला, कागद तुझ्या हातात आला.

आणि जिन्यात तू थांबलास! म्हणालास, समोर काचेचं कपाट होतं गं, त्यात डॉक्टरांचं तोंड दिसत होतं. मी ऐकलं नाही, वाचलं.

मला काही कळेना. तू समजावलंस. साळखात्यात कुणाचा आवाज कुणाला येत नाही, तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. तुला ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की कान कधी गेले तेच समजलं नाही. आम्हाला तरी कुठे समजलं? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर नुसत्या आवाजांशी बोलणारी बाई. तू मला कामावर कधीच फोन का करत नाहीस, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. विमानातला रेडिओ खरखरतो म्हणून खालच्या कंट्रोल टॉवरला परत परत विचारावं लागतं, असं तू म्हणायचास, तेही मी खरं मानलं.

तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालास, काहीतरी बोल. मी म्हटलं, "दादा, घरी चल." तू तसाच उभा. थोड्या वेळाने मान वळवून विचारलंस, "बोललीस का?"

दादा, मी खोटं बोलले. "नाही, अजून बोललेच नाही," म्हटलं. तू पुन्हा भिंतीकडे वळलास, तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाईने दार उघडून पाहिलं. ते तुला ऐकू आलं. तू हसलास आणि वर जायला निघालास.

मी तुझी बाही धरली. सही आहे, शिक्का आहे, कुणाला कळणार आहे, असं सगळं बोलले. तू हळूच हात सोडवलास. "शोभे, टॉवरवाल्याचे ओठ मला दिसत नाहीत गं. आणि बाजूला तू असणार."

डॉक्टरांनी तुला कोऱ्या भिंतीसमोर बसवून पुन्हा तपासलं. दहातले दोन शब्द तुला आले. कागद टेबलावर राहिला. डॉक्टर उठून दारापर्यंत आले आणि तुझा हात बराच वेळ सोडेनात. मला तेव्हा त्यांचा रागच आला. तुझाही आला. एवढी वर्षं घाम गाळून मिळवलेलं कुणी असं स्वतःच्या हाताने परत देतं का? आज वाटतं, कुठून आणलंस रे हे धाडस? विमान वर न्यायला लागतं त्याहून हे मोठं होतं.

आणि मी काय केलं? दोन महिने तुझ्याशी मुद्दाम पाठ करून बोलले. स्टोव्हकडे तोंड करून म्हणायचे, दादा, चहा हवाय का? तुला ऐकू यायचं नाही आणि मला बरं वाटायचं. इतकी मी दुष्ट. पण माझ्या खांद्यांच्या हालचालीवरून मी काहीतरी बोलतेय हे तुला कळायचं. मग तू उठून ओट्याला वळसा घालून यायचास, माझ्यासमोर उभा राहायचास आणि म्हणायचास, "आता बोल." एकदाही चिडला नाहीस. थोडं तरी चिडायचं होतंस रे!

नंतर रविवारी आपण जुहूच्या कुंपणाशी जायला लागलो. धावपट्टीकडे निघालेल्या विमानाच्या काचेतून शिकवणारा काय म्हणतोय ते तू मला सांगायचास. "ब्रेक सोड म्हणतोय. आता शिव्या घालतोय, त्या तुला नाही सांगत." विमान वर गेलं की तू गप्प व्हायचास. मी तुझ्याकडे बघायचे, पण त्या दिवशी जिन्यात मी काय केलं ते सांगायला तोंड उघडायचं नाही. मग काविळीने तुला आठ दिवसांत नेलं आणि ते राहूनच गेलं.

मंजू आत भांडी पुसतेय. हे पान भरलं की तिला हाक मारते आणि समोर बसवते. काकांनाही सांगेन, पण आधी तिला. तिचे बाबा पास झाले होते, सही-शिक्का हातात होता, आणि ते स्वतः जिना चढून परत गेले, हे सांगेन. आणि मधला तो भाग गाळणार नाही. त्या जिन्यात कुणीतरी नापास झालं होतं खरं, आणि ती तिची आत्या होती, हे तिच्याकडे बघून सांगेन. हा माझा शब्द.

तुझीच,
शोभा