घरात माणसं किती

बोरपाडा, शीळफाटा
२८ मार्च २०२५

चि. नयन यास आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू ओरडतोस आणि मला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून पुन्हा कागदावर. गुडघे सोडले तर मी धडधाकट. कृतिकाची परीक्षा कशी गेली? प्राचीला सांग, सुकटीची चटणी केली आहे, नाक मुरडलं तरी पाठवणार.

बारा तारखेला देवीची जत्रा. ज्या घरात चूल पेटते त्या घराचा एक नारळ, ही आपली मोजणी. तुझे बाबा होते तेव्हा एकशेचाळीस नारळ यायचे, गेल्या साली बासष्ट. अरे, भाडेकरू धरून गावात चार हजार माणसं, पाय ठेवायला जागा नाही, आणि आपली घरं बासष्ट! बाकीचे विकून टॉवरात गेले. नारळ घेताना गावकीचे धाकूभावजी विचारतात, घरात माणसं किती. मी दरवर्षी चार सांगते. तुम्ही तिघं ठाण्यात असता हे त्यांना ठाऊक आहे, हसतात, पण चारच लिहितात. यंदा तू ये रे. नारळ तुझ्या हातून जाऊ दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी आई


टेंभी नाका, ठाणे
३ एप्रिल २०२५

ती. आईस नयनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. चटणी पाठव, प्राची आधी नाक मुरडते आणि मग डबा चाटूनपुसून साफ करते. ऑफिसात रजा मिळत नाही गं, जत्रेला जमणार नाही. तूही उन्हात रांगेत बसू नकोस. यंदा नारळाचं राहू दे, धाकूकाकांशी मी बोललोय. त्यापेक्षा आठ दिवस इकडेच ये ना. अकरा तारखेलाच गाडी पाठवतो. आजी कधी येणार म्हणून कृतिका रोज विचारते.

रागावू नकोस, तब्येत जप.

तुझा नयन


बोरपाडा
१३ एप्रिल २०२५

चि. नयन यास, वि. वि.

गाडी रिकामी परत पाठवली, ते कळलंच असेल. काल नारळ घेऊन रांगेत बसले. माझी पाळी आली तर धाकूभावजींनी नारळाला हातच लावला नाही. मान खाली घालून एक कागद पुढे केला. घर दिवाळीपासून बंद आहे, आई कायमची माझ्याकडे ठाण्याला राहते, आणि खाली तुझी सही. राहतं घर बिल्डरला द्यायला राहणाऱ्याची सही लागते, बंद घराला एकट्या मुलाची पुरते. गावकीचा हा नियम तुला बरा आठवला!

अरे, सकाळी चुलीवर भाकरी भाजून मी तिथे गेले होते. लाज नाही वाटली तुला? मागितलं असतंस तर कदाचित दिलंही असतं. आणि मला गावाबाहेर काढायला त्या पोरीचं नाव पुढे केलंस, ते जास्त लागलं. कायमची राहते म्हणे! दोन वर्षांपूर्वी चार दिवस आले होते, तिसऱ्या दिवशी तूच विचारलंस, परत कधी जाणार.

मी सगळ्यांदेखत सांगितलं, सही माझ्या मुलाचीच आहे, मजकूर खोटा आहे. धाकूभावजींनी कागद फाडला आणि नारळ घेतला. एकसष्टावा. मग वही उघडून माझ्या कानाशी येऊन नेहमीसारखं विचारलं, वहिनी, घरात माणसं किती. चार लिहायला पेन टेकवलंसुद्धा होतं.

मी एक सांगितलं.

चटणीचा डबा सोबत आहे. कृतिकाला देऊ नका, यंदा तिखट जास्त पडलंय.

आवडाबाई