बाबांची जागा, वाडीचं सभागृह

बौद्धवाडी, मालवण
१८ एप्रिल १९८६

प्रिय सदानंद,

सप्रेम जयभीम. विहाराच्या सभागृहावर कौलं चढली. मुंबई मंडळाच्या नकाशात दोनच खिडक्या होत्या. आम्ही बायकांनी तिसरी काढून घेतली, समुद्राच्या बाजूला. उन्हाळ्यात आत बसायचंय आम्हाला, तुमच्या नकाशाला नव्हे. तेव्हा मंडळाचे सेक्रेटरीसाहेब, तुम्ही कुरकुर करू नये.

तू उद्घाटनाला येणार नाहीस, असं शेवंतीकाकीकडून कळलं. जिथे बाबा, तिथे तू नाहीस म्हणे. म्हणजे तुझा राग अजून पायाभरणीच्या दिवशीच अडकून पडलाय.

मला तर तो दिवस आठवला की हसू येतं, तुला आवडो न आवडो. जागा बाबांनी दान दिलेली, म्हणून भंतेजींनी पहिला चिरा त्यांच्याच हातून बसवला. बाबांनी चिरा ठेवला, डोळे मिटले आणि गावदेवाला घालतात तसं अख्खं गाऱ्हाणंच सुरू केलं, "बा म्हाराजा, आज ह्यां जां काय काम हाती घेतला हा..." आणि सगळी वाडी, त्यात मीसुद्धा, एका सुरात, "व्हय म्हाराजा!" धम्म स्वीकारून तीस वर्षं होत आली, पण कामाला हात लावताना जिभेवर तेच आलं. भंतेजी शांत उभे होते. तू मात्र लालबुंद झालास, चारचौघांत बाबांना "तुमका लाज नाय" म्हणालास आणि संध्याकाळच्या एस.टी.ने निघून गेलास. चूक त्यांची होती, पण बोलणं तुझं जास्त लागलं. पुढे आठवडाभर ते कुणाच्या ओटीवर गेले नाहीत.

मग रोज भिंतींवर पाणी मारायला जाऊ लागले. एक दिवस म्हणाले, "गो विमला, माका त्रिसरण-पंचशील नीट शिकय. इतकी वर्सां सगळ्यांच्या मागसून म्हटलंय, एकट्याक येणा नाय." सत्तरीचा माणूस, अक्षरओळख नाही. चौथ्या शीलाच्या जागी हटकून पाचवं म्हणायचे, आणि मी शाळेतल्यासारखी ओरडायचे. आता एक शब्द चुकत नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, सदा.

बुद्धपौर्णिमेला पहिली वंदना बाबा सांगतील आणि आम्ही मागून म्हणू. भंतेजींना मी पत्राने विचारलं, त्यांचा आनंदाने होकार आलाय. तू छापून पाठवलेल्या पत्रिकांवर भूमिदात्याचं नाव नाही. ते विसरून राहिलेलं नाही, हे मी ओळखते. म्हणून प्रत्येक पत्रिकेवर ते मी शाईने लिहिलं आणि वाटून टाकल्या. आपला मुलगा येणार ना, म्हणून बाबा रोज विचारतात, "झील येतलो मां?" मी ठणकावून सांगते, "येतलो." एकच पत्रिका तशीच ठेवलीय, ती या पत्रासोबत आहे. तिच्यावर त्यांचं नाव तू लिही, आणि घेऊन ये.

वाट पाहणारी, तुझीच
विमलाताई