दाजींचे शेअर

लोहारा, ता. १२ जानेवारी १९४६

चि. शरणप्पास शांतलिंगचे आशीर्वाद. इकडे तुझी अक्का आणि महादेवी खुशाल.

रेडिओ कारखान्याचा भाव तू कळवलास. विसाला घेतलेला शेअर बारावर आला, हे मला समजत नाही. त्याच कारखान्याचा रेडिओ आपल्या दुकानात आहे. एकदाही बिघडला नाही. बॅटरी भरायला सोलापूरला पाठवतो, तेव्हा निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर तिला दरवेळी नवा माल समजून जकात मागतात, एवढाच त्रास. ज्वारी किडली की भाव पडतो. इथं माल चांगला आणि भाव खाली. कारण विचारून कळव. महादेवीचं लग्न फाल्गुनात आहे आणि खर्च या शेअरांवरच धरला आहे.

तुझ्या प्रकृतीस जप.

हैदराबाद, ता. २० जानेवारी

ती. दाजींना शरणप्पाचा शरणु शरणार्थी नमस्कार.

दलालाला विचारलं. लोक विकतात म्हणून भाव पडतो, म्हणाला. का विकतात, तर भाव पडतो म्हणून. मग त्यानं चहा मागवला. कारखान्यावरही जाऊन आलो. भोंगा वेळेवर होतो, माणसं कामावर आहेत.

तरी विका. माकणीचा वीरप्पा तुमचे शेअर विसाला मागतो, असं अक्कानं लिहिलंय. देऊन मोकळे व्हा. अक्कानं माझ्या वाट्याचे शेंगदाण्याचे लाडू संपवले नसतील, ही आशा.

आपला लोभ आहेच.

लोहारा, ता. २९ जानेवारी

चि. शरणप्पास आशीर्वाद.

वीरप्पाला नाही म्हणालो. बाजाराच्या दिवशी तो दुकानात बसून बातम्या ऐकतो. एवढ्या लांबचा आवाज आणणारी कंपनी बुडेल कशी, असं त्याला वाटतं. पैसे त्यानं विहिरीवरच्या इंजिनासाठी ठेवलेत. ओळखीच्या माणसाच्या गळ्यात हे बांधणार नाही. भाव पडतोय, घेऊ नको, असं सरळ सांगितलं. हसला. व्हय, म्हणूनच तुमी सोडंनात, म्हणाला.

सह्या करून शेअरांचे कागद पाठवतो. तिथंच विक. कुणी घेतले ते कळवू नको.

लाडू संपले. पुन्हा होतील.

हैदराबाद, ता. ११ फेब्रुवारी

ती. दाजींना शरणु शरणार्थी.

शेअर बारानं गेले. पैसे हुंडीनं पाठवले आहेत. गिऱ्हाईक बाहेरगावचं होतं, घासाघीस न करता घेतले, असं दलाल म्हणाला. नाव विचारलं नाही.

लग्नाला आधीच येतो. महादेवीला मामाचे आशीर्वाद.

लोहारा, ता. २८ मार्च

चि. शरणप्पास आशीर्वाद.

लग्न आटोपून तू गेलास आणि दुसऱ्या दिवशी वीरप्पा आला. धोतराच्या सोग्यातून शेअरांचे कागद काढून पुढं ठेवले. मागं माझी सही, तिच्याखाली त्याचं नाव. कापसाच्या मोटारीबरोबर तो हैदराबादला गेला होता. विसाला तुमी दिले न्हाय, बाराला मिळाले, म्हणाला. पोरीच्या लग्नाची अडचण नसती तर तुम्ही हे कधी सोडलेच नसते, हे त्याला पटलेलं आहे.

भाव आता सहा आहे, हे मी त्याला सांगितलं. कागद परत दे, बारा देतो, इंजिन घे, असंही सांगितलं. त्यानं कागद पुन्हा हातात घेतले. मग विचारलं, सावकार, सहाच्या मालाला तुमी बारा कशापायी देता? इंजिनाचं पुन्हा बोललो. त्यानं कागद घडी करून सोग्यात ठेवले.

माकणीचे आणखी चौघे हे शेअर घ्यायला तुझा पत्ता मागत आहेत. मी दिला नाही. त्यामुळं त्यांची खात्रीच झाली आहे.

अक्का तुझी आठवण काढते. येत जा.