शिक्क्याचे डोळे

२ जानेवारी, सकाळी ७.१०
निर्णय झाला. प्रोफेशनल फोटोग्राफर होणार. पुढे कुणी विचारलं तर असावं म्हणून कारण नोंदवून ठेवतो: सूड.

काल ऑफिसच्या जिन्यात गेल्या मार्चमध्ये काढलेला वार्षिक ग्रुप फोटो लागला, नऊ महिने उशिरा. एकतीस माणसं, तीन ओळी. दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथा मी. शर्ट माझा, टाय माझा, नाक माझं. डोळे माझे नाहीत. डोळे शिक्क्याचे आहेत.

शिक्का म्हणजे आमचा हेडक्लार्क. हाताला येईल त्या कागदावर शिक्का मारतो म्हणून हे नाव. बावीस वर्षं समोरच्या टेबलावरून हा माणूस माझ्याकडे याच डोळ्यांनी बघतोय. बारीक करून, कपाळाला आठ्या घालून, मी त्याच्या चहात पडलेली माशी असल्यासारखं. ते डोळे मी झोपेतही ओळखीन. फोटोत तो माझ्या शेजारीच उभा आहे. म्हणजे एकाच ओळीत तीच नजर दोनदा!

२ जानेवारी, संध्याकाळी
चौकातल्या स्टुडिओवर धडकलो. मालकाला सगळे स्माइल म्हणतात. दिवसभर दुसऱ्यांना स्माइल म्हणतो, स्वतः जन्मात हसला नसेल. गुन्हा लगेच कबूल. म्हणाला, सहा फोटो काढले, सहाच्या सहांत तुमचे डोळे मिटलेले. मग शेजारच्यांचे बसवले. मापात बसले. सगळेच फोटोग्राफर करतात, पण कुणाला कळत नाही. ज्यांना कळलं असे तुम्ही पहिलेच.

हे त्याने कौतुकाने सांगितलं. निर्लज्ज.

घरी हिला मोबाइलवर फोटो दाखवला. म्हटलं, बघ, काही वेगळं दिसतंय? नीट बघितला. म्हणाली, छान आलाय की. पहिल्यांदाच डोळे उघडे आलेत, नाहीतर लग्नाच्या अल्बममध्येही झोपलेलेच आहात. अठरा वर्षांचा संसार! हिला नवऱ्याच्या तोंडावर परपुरुषाचे डोळे चालतात.

यादी केली. १) स्माइल: धंदा बसवणे. २) शिक्का: पाणी पाजणे. ३) साहेब: तक्रार केली तर म्हणाले, फरक काय पडतो? यांनाही बघून घेणे. ४) वर हिचं नाव लिहिलं होतं. वही कपाटात राहते हे लक्षात आल्यावर खोडलं.

५ जानेवारी
तीन महिन्यांची रजा मागितली. साहेब म्हणाले, बिनपगारी. एक एप्रिलला हजर झालात तर ठीक, नाहीतर राजीनामा समजू आणि तुमचं टेबल शिक्क्याला देऊ.

माझं टेबल खिडकीला पाठ करून आहे. ऑफिसातली एकमेव खिडकी. पाठीवर कोवळं ऊन, मानेला वारा. शिक्क्याचा त्या जागेवर पहिल्यापासून डोळा आहे, नाहीतर दिवसभर तिकडेच का बघत बसेल? साहेबांना ठणकावून सांगणार होतो की एक एप्रिलला तुम्हीच माझ्याकडे अपॉइंटमेंट मागाल. मनातल्या मनात सांगितलं. बाहेर फक्त थँक यू आलं.

ही म्हणाली, तीन महिने ठीक आहे, पण एक एप्रिलला काय ते खरं खरं सांगायचं. म्हटलं, तेव्हा तूच रिसेप्शनला बसलेली असशील.

९ जानेवारी
कॅमेरा आला. मेहुण्याचा. त्याला हौस होती, दोन दिवसांत फिटली. सोबत २१४ पानांचं मॅन्युअल. वाचणार नाही. पोहणारा पाण्यात शिरण्याआधी पुस्तक वाचत नाही.

आधी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली, पाचशे. स्टुडिओचं नाव ‘उघडे डोळे’. स्माइलला बरोब्बर झोंबेल.

१३ जानेवारी
पहिला फोन! एक आजोबा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करता का विचारत होते.

१६ जानेवारी
दुसरा फोन. चष्म्याचा नंबर.

१८ जानेवारी
सराव. ही आणि कन्या, एकशे बारा फोटो. एक मोठा शोध लागला: बटण दाबताना माझेच डोळे मिटतात. म्हणजे ऐन क्षणी समोर काय घडलं ते मला घरी येऊनच कळतं. सामान्य माणूस याला दोष म्हणेल. मी याला अंतःप्रेरणा म्हणतो.

एकशे बारापैकी एकशे नऊ हललेले. उरलेल्या तिनांत सोफा उत्तम आलाय. कन्या म्हणाली, बाबा, सोफा ब्लिंक करत नाही म्हणून. आईवर गेली आहे.

२७ जानेवारी
पहिलं काम! खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टला क्लिनिकबाहेर बोर्ड लावायचाय. एकाच पेशंटचे दोन फोटो, उपचाराआधी आणि उपचारानंतर. दोन्ही शार्प आले. दात हलत नव्हते. मुद्दाम स्टुडिओवरून दोनदा चक्कर मारली. स्माइल काच पुसत होता. मनातून हादरला असणार, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

६ फेब्रुवारी
डेंटिस्ट वर आला. फोटोंची नावं उलटी पडली. बोर्ड आठवडाभर लागलेला होता. पेशंट दारापर्यंत यायचे, बोर्ड वाचायचे आणि गालावर हात ठेवून परत जायचे. म्हटलं, निदान लोक बोर्ड वाचतात हे तर सिद्ध झालं. त्यावर तो जे म्हणाला ते सुशिक्षित माणसाला शोभत नाही. यादीत नंबर ४.

१७ फेब्रुवारी
शेजारच्या काकूंना लेकीकडे परदेशी जायचंय. पासपोर्टचे फोटो काढले. डोळे मिटलेले म्हणून अर्ज परत आला. पुन्हा काढले. पुन्हा परत. तिसऱ्यांदा काकू मला न सांगता स्माइलकडे गेल्या. पाच मिनिटांत काम झालं, वर मला तो फोटो दाखवायलाही आल्या. नंबर ५. वय चौऱ्याहत्तर आहे, पण न्याय म्हणजे न्याय.

२२ फेब्रुवारी
शत्रूचं तंत्र बघायला स्टुडिओसमोरच्या फुटपाथवर दीड तास उभा राहिलो. तंत्र काहीच नाही! गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो, काहीतरी विचारतो, ते उत्तर द्यायला लागलं की बटण दाबतो. नुसत्या गप्पा. आणि लोक याला फोटोग्राफी म्हणतात.

तेवढ्यात त्याने मला पाहिलं आणि आत बोलावून चहा दिला. निषेध म्हणून अर्धा कप तसाच ठेवला. म्हणाला, साखर कमी झाली का? अशा माणसाचा सूड घेणं अवघड जातं, पण मी खचणारा नाही.

१ मार्च
संधी! यंदाच्या ग्रुप फोटोची तारीख लागली, वीस मार्च. साहेबांना फोन केला: फुकट काढतो. फुकट म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. फोटो एकतीसला जिन्यात लागला पाहिजे, एवढी अट.

आता मास्टर प्लॅन. जशास तसे! शिक्क्याच्या तोंडावर माझे डोळे बसवणार. वर्षभर जिना चढताना-उतरताना त्याने स्वतःच्या चेहऱ्यातून मी बघत असलेला पाहायचा. फोटो लागला की एक एप्रिलला ऑफिसात जायचं ते फक्त राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवायला.

४ मार्च
अडचण. माझे डोळे उघडे असलेला एकही फोटो जगात नाही. कन्येकडून चाळीस काढून घेतले. चाळीसही मिटलेले. शेवटी दोन बोटांनी पापण्या ताणून धरल्या. फोटो आला, पण गुन्हेगाराची वैद्यकीय तपासणी चालल्यासारखा.

प्लॅन बदलला. शिक्क्याचे डोळे मिटलेले आले म्हणजे बस्स. निदान त्याला कळेल.

२० मार्च, दुपारी
काढला! खालचा हॉल, उन्हाचं दार माझ्या पाठीशी, तीस माणसं, तीन ओळी. मी यात नाही, मी आता कॅमेऱ्यामागचा माणूस. शिक्का दुसऱ्या ओळीत, नेहमीसारखा माझ्याकडे डोळे बारीक करून. वन, टू, थ्री म्हणालो, फ्लॅश उडवला. नऊ वेळा. मी कुणालाही स्माइल म्हटलं नाही, तत्त्व म्हणून.

२० मार्च, संध्याकाळी
मॅन्युअल वाचलं. पान ८७. डोळे लाल येऊ नयेत म्हणून या कॅमेऱ्याचा फ्लॅश आधी एकदा उडतो आणि मग खरा फोटो निघतो. पहिल्या फ्लॅशला माणसं पापण्या मिटतात. दुसऱ्याला आपण फोटो काढतो.

नऊ फोटो. एकोणतीस माणसं नऊच्या नऊ वेळा डोळे मिटून. अख्खं ऑफिस दोन मिनिटं शांतता पाळतंय.

डोळे उघडे एकाचेच. नऊच्या नऊ फोटोंत. शिक्क्याचे.

२१ मार्च
प्रोफेशनल माणूस रडत बसत नाही. कॉम्प्युटरवर बसलो. उपलब्ध डोळे एकाच माणसाचे, तर तेच वापरायचे. दुपारपर्यंत साहेबांना बसवले. मग टायपिस्ट बाईंना, शिपायाला, ड्रायव्हरला. या मेल्याचे डोळे कुणालाही मापात बसतात!

संध्याकाळी एकोणतीसही पूर्ण. लांबून फोटो चांगला वाटतो. जवळून बघताना मला जरा घाम फुटला.

२२ मार्च
हिने फोटो पाहिला आणि आधी किंचाळली, मग जमिनीवर बसून हसली. डोळे पुसत म्हणाली, तीस शिक्के! अहो, हे जिन्यात लावलंत तर एक एप्रिलला तुम्हाला दारातून आत घेतील का? म्हटलं, मी परत जाणारच नाहीये. तेव्हा हसायची थांबली. म्हणाली, कन्येची दहावी पुढच्या वर्षी आहे, निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नका. नोकरी सोडायची तर सोडा, पण तुम्हाला फोटो काढायला आवडतात का, ते एकदा सांगा.

 आवडतात का, हा विचार मी आजवर केलेलाच नाही.

शेवटी म्हणाली, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, आणि आता तुम्ही ज्याचा राग राग करता त्या स्माइलकडेच मुकाट्याने जा. जाणार नाही. प्राण गेला तरी.

२३ मार्च
गेलो.

स्माइलने फोटो बघितला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, गेल्या वर्षीचे सगळे फोटो आहेत माझ्याकडे, माणसं तीच आहेत. ज्याचे डोळे त्याला बसवू, तीन-चार दिवसांचं काम आहे.

मग जुने फोटो उघडले. एक, दोन, सहा. आणि सातवा. मी म्हटलं, तुम्ही तर सहाच काढले म्हणालात. त्याने माउस बाजूला ठेवला. म्हणाला, खोटं बोललो होतो. सातव्यात तुमचे डोळे उघडे आहेत.

स्क्रीनवर मोठा करून दाखवला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. मी मान वळवून शिक्क्याकडे. असे डोळे मी कुणाचेच पाहिलेले नाहीत. खाऊ का गिळू. स्वतःला बघून मी खुर्ची मागे सरकवली.

स्माइल म्हणाला, हा फोटो जिन्यात लावला असता तर तुम्हाला रोज याच्यासमोरून वर जावं लागलं असतं. आणि त्यांनाही. म्हणून त्यांचेच डोळे तुम्हाला दिले. भांडण तेवढंच कमी.

चहा दिला. पूर्ण प्यायलो.

३१ मार्च
फोटो लागला. तीस माणसं, साठ डोळे, ज्याचे त्याला. खाली छापलंय: छायाचित्र, ‘उघडे डोळे’. स्माइलने ते नाव काढलं नाही. यादीतून नंबर १ खोडला. ३, ४ आणि ५ पण खोडले. शिक्का राहू दिला. एवढं सगळं झाल्यावर तो तरी पाहिजेच.

१ एप्रिल, दुपारी १.३०
हजर झालो. टेबल जागेवर आहे. साहेब म्हणाले, शिक्क्याला तीन महिन्यांत दोनदा विचारलं, खिडकीची जागा घेतोस का? दोन्ही वेळा नको म्हणाला. म्हणाला, ती त्यांची जागा आहे, मला फक्त खिडकीला पडदा द्या. पडद्याचा अर्ज म्हणे जुनाच आहे, तुमच्याच खात्यात पडलाय, जरा बघा.

माझ्याच खात्यात. पडदे, खुर्च्या, पंखे, सगळे अर्ज माझ्याकडे येतात. खालच्या ड्रॉवरमध्ये तळाशी सापडले. एक नव्हे, सात. पहिल्याला वीस वर्षं झाली. विषय: समोरील खिडकीतून दिवसभर डोळ्यांवर येणारा प्रकाश. प्रत्येकावर शेरा माझ्या अक्षरात: कारण पुरेसे नाही.

तीन महिने मी उजेडाच्याच धंद्याची, फोटोग्राफीची, व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरलो.

१ एप्रिल, संध्याकाळी ५
साहेबांकडून सही घेतली आणि स्टोअरमधला पडदा मीच स्टुलावर चढून लावला. यादी फाडली. कॅमेरा रविवारी मेहुण्याला परत. हिला काय ते खरं खरं आज सांगायचंय.

पडदा ओढला आणि वळलो. शिक्का माझ्याकडेच बघत होता. कपाळाला एकही आठी नाही. डोळे चांगले मोठे आहेत त्याचे, बावीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिले. म्हणाला, थँक यू.

मी डोळे मिटले.