महादूच्या लग्नातली कोशिंबीर

मु. टोकावडे, ता. मुरबाड
वैशाख वद्य ५, शके १८६३

भिमीस सकूचे आशीर्वाद. नावाआधी गं. भा. लिहायची रीत आहे, पण पाठच्या बहिणीला तसं लिहायला माझा हात धजत नाय. नुसतं भिमी चालवून घे.

इकडे ऊन फार. विहिरीचा तळ दिसतोय. आंबा यंदा बेताचाच. म्हैस व्याली, रेडा झाला. तुझे भावोजी हिंडूनफिरून आहेत.

पत्राचं कारण म्हणजे येत्या बुधवारी घरी शंभरेक पानं आहेत, आणि कोबीची कोशिंबीर करायची आहे. तुझ्यासारखी आदल्या दिवशी चिरून ठेवायची म्हणते. ओल्या फडक्यात बांधून कोऱ्या मडक्यात ठेवतात एवढं आठवतं. मीठ कधी लावायचं गो? मी मागे सकाळीच लावलं, तर पंगतीपर्यंत नुसतं पाणी झालं. फोडणी गरम घालायची की निववून? तू खर्डीला स्टेशनमास्तरांकडे स्वयंपाकाला लागलीस म्हणून, नाय तर आमाला कोबी कुठे ठाऊक होता?

महादूच्या लग्नाला तूच नाशकाकडचे कोबी गाडीवरून उतरवून घेतलेस, डोक्यावर पाटी घेऊन आलीस. आणि मी तुला कुठे बसवली? गोठ्यात. लग्नाच्या जेवणाला विधवेचा हात लागला हे बायांना दिसू नये म्हणून. पोराच्या संसारावर सावली नको, असं मनात होतं.

पंगतीत विहीणबाई म्हणाल्या, "कोशिंबीर झकास हो. हात कुणाचा?" मी म्हणाले, "माझाच." तू कुडाच्या पलीकडे होतीस. ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, भिमी. तू न जेवता निघालीस तेपण मी पाहिलं. पाहून वाढायला गेले.

आता खरं लिहिते. बुधवारी महादूचं तेरावं आहे.

नऊ दिवस ताप होता. मुरबाडहून डॉक्टर आणला, सुया झाल्या, काय उपयोग झाला नाय. बारकू गाडीवानाला बजावलंय की चिठ्ठी दे, तोंडाने बोलू नको. तू महादूला पाच वर्षं अंगाखांद्यावर वाढवलास, तुला परक्याच्या तोंडून कळायला नको.

राही एकोणीस वर्षांची आहे. बाया आल्या की आपण होऊन उठून मागे जाते. बस म्हटलं तरी बसत नाय. माझी सून, आणि मला तिच्याशी काय बोलावं ते कळत नाय. तुझ्याशी तरी कुठे बोलले होते?

सुतकात घरात फोडणी नाय. तेराव्याला पहिली पडायची, ती तुझ्या हातची पडावी असं वाटतं. जावांना सांगितलं तर म्हणाल्या, "येऊ दे की, तेराव्याला काय हरकत?" कुणी तोंड वाकडं केलं नाय. लग्नाला तुझा हात चालला नाय, तेराव्याला चालतो. हे ऐकलं आणि मी चुलीपुढे बसून राहिले.

अजून एक आहे. ते नाय लिहिलं तर पत्र खोटं होईल. महादू लग्नापासून दोन वर्षं विचारायचा, मावशी का येत नाय. मी म्हणायचे, तिला सवड नाय. तापात चार दिवस तुझं नाव घेत होता. "मावशीला निरोप धाडलास का?" म्हणायचा. मी म्हणायचे, "धाडला, येतेच आहे." मी धाडलाच नव्हता गो. तू आली असतीस तर गोठ्याचं त्याला कळलं असतं, आणि त्याच्या नजरेतून मी उतरले असते. एवढ्यासाठी. दारात कुणी आलं की तो मान वळवून बघायचा.

तू आली असतीस तर तो शुद्धीवर नसतानासुद्धा त्याला पाणी पाजून हाक मारली असतीस, मला माहीत आहे.

बारकू एक रात्र खर्डीला थांबेल. त्याच्या गाडीत बसलीस तर बस. नाय बसलीस तर मी विचारणार नाय, आणि जो विचारील त्याला खरं सांगेन, तुझ्या भावोजींनाही.

तू वाढवलेल्या पोराची आई,
सकू