उजव्या बाजूचा खिसा

३ मार्च

ती. बाबांस,

टाचणीचा शि. सा. न. आणि आईलाही तोच, फक्त जरा घट्ट मिठी मारून.

फोनवर तुम्ही ‘जेवलीस का’ याच्या पुढे जात नाही आणि मी बोलायला लागले की मला रडू येतं, म्हणून लिहूनच कळवते. लेखी पेपरांत मी पास झाले. रोगी तपासण्याच्या प्रात्यक्षिकात नापास.

झालं ते असं. मला पोट तपासायला दिलं होतं. रोग्याच्या उजव्या हाताला उभं राहायचं आणि उजव्या बरगड्यांखाली यकृत चाचपायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण घाबरगुंडी उडाली आणि मी थेट डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिकडेच चाचपत बसले. परीक्षक बाईंनी विचारलं, काय शोधतेस. मी म्हटलं, यकृत. त्या म्हणाल्या की सकाळपर्यंत तरी ते पलीकडच्या बाजूला होतं. रोगीसुद्धा हसला, बाबा.

अभ्यास केला नाही असं मुळीच नाही. वर्गात आम्ही साठ जण आणि खाट एक. सर एकदाच करून दाखवतात, आणि मागे उभं राहिलं की सरांची पाठ तेवढी दिसते. म्हणून आम्ही बरंचसं व्हिडिओ बघून शिकतो. पायाची सूज कशी बघायची, रक्तदाब कसा मोजायचा, टाके कसे घालायचे, सगळं. मग मी माझेही व्हिडिओ काढले. फोन कपाटाला टेकवून ठेवायचा, स्वतःकडे बघत बघत तपासायचं. रोगी म्हणून खोलीतली मैत्रीण. ती इतकी उंच की सगळे तिला लंबीच म्हणतात. तुम्ही दिलेला जुना शर्ट घालून ती बिचारी महिनाभर खाटेवर पडली. ते व्हिडिओ रोज बघून मी हात बसवला. तरी ऐन वेळी हात भलतीकडेच गेले, म्हणजे खोट माझ्यातच आहे. जिला डावं-उजवं कळत नाही तिने माणसांच्या अंगाला हात लावू नये.

फेरपरीक्षेचा अर्ज पंचवीस तारखेपर्यंत भरायचा आहे. मी भरणार नाही. घरी येते. दुकानात काज-बटणांना माणूस लागतोच ना तुम्हाला?

लोभ आहेच, तो नापासांवरही राहू द्यावा.

तुमची,
टाचणी

*

८ मार्च

चि. टाचणीस,

अ. उ. आ. आणि डोक्यात एक टपली.

पत्र पोचलं. तुझ्या आईने मला वाचून दाखवलं आणि यकृतापाशी आल्यावर आधी हसली, मग रडली. मी शिवणयंत्राचं चाक हाताने धरून ऐकत होतो. मला वाईट वाटलं. नापास झालीस याचं कमी, तू स्वतःबद्दल जे लिहिलंस त्याचं जास्त.

काज-बटणांची जागा रिकामी नाही. तुझं काज मी पाहिलेलं आहे. नववीत केलं होतंस, त्यातून बटण काय, लिंबू आरपार गेलं असतं.

इथली बातमी अशी की तू मागे पाठवलेला पायाच्या सुजेचा व्हिडिओ तुझ्या आईने पाठ केला आहे. दिसेल त्याच्या घोट्यावर अंगठा दाबते. शेजारच्या शाळामास्तरीणबाईंच्या पायावर दाबला तर खड्डा तसाच राहिला. हिने त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, औषधाने आटोक्यात येईल. तेव्हापासून आईचे पाय जमिनीला लागत नाहीत. माझी नाडी दिवसातून तीनदा मोजली जाते आणि एक ठोका इकडेतिकडे झाला तर मलाच बोल लावला जातो. तेव्हा तुझी विद्या वाया चालली आहे असं मला तरी दिसत नाही.

शिवण तिरकी गेली तर मी लगेच कापड फेकून देत नाही. कुठून तिरकी गेली ते आधी बघतो. तू स्वतःचे काढलेले ते व्हिडिओ आईच्या फोनवर पाठव. मला त्यातलं काही कळणार नाही हे मला माहीत आहे. तरी पाठव.

आईचा आशीर्वाद, आणि नीट जेवत जा.

तुझे,
बाबा

*

१२ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

पाठवले आहेत. एकूण अकरा. लंबी म्हणते, मला विचारल्याशिवाय माझं पोट गावभर दाखवू नका, पण बाबांना चालेल. बघा आणि पुसून टाका. मी सामान बांधायला घेतलं आहे. पुस्तकं लंबीला देऊन टाकणार होते, तर तिने ती परत माझ्याच कपाटात कोंबली.

जास्त काय लिहू, लिहवत नाही.

टाचणी

*

१७ मार्च

चि. टाचणीस,

अ. उ. आ. हे पत्र जलद टपालाने टाकतोय. सामान सोड आणि नीट वाच.

अकराही व्हिडिओ बघितले. पोटातलं काही कळलं नाही. पण त्या मुलीच्या अंगातल्या शर्टावरून माझी नजर हलेना. खिसा उजव्या बाजूला! पट्टी उजवी वर, बायकांच्या कपड्यांसारखी. तो शर्ट मी माझ्यासाठी शिवलेला आहे. खिसा डाव्या छातीवर आहे, त्याच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग पडला म्हणून तर तो तुझ्याकडे आला. चाळीस वर्षांत मी पुरुषाच्या शर्टाला उजवा खिसा लावलेला नाही. आधी मला वाटलं, माझे डोळे गेले. मग गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशासमोर जाऊन उभा राहिलो, आणि उलगडा झाला.

आरशात दिसतं तसं तुझ्या फोनने चित्र उलटं घेतलं आहे, बाळा. आईने स्वतःकडे फोन धरून माझं नि तिचं चित्र काढून बघितलं, तर तिचा फोन सरळ घेतो. तुझा घेत नाही. व्हिडिओ काढताना तू योग्य बाजूलाच उभी होतीस. पण महिनाभर रोज बघून पाठ केलंस ते उलटं. घाबरल्यावर हात डोक्याचं ऐकत नाहीत, सवयीचं ऐकतात. ते पाठ केलेल्या जागी बरोबर गेले. खोट तुझ्यात नाही, व्हिडिओत आहे.

आता माझी एक लाज सांगतो. कामाला नवीन असताना एका गिऱ्हाइकाचा कोट शिवला. त्यांचा एक खांदा उतरता होता. उतरत्या खांद्यात जास्त भर घालायची असते. मी आरशात बघून टिपून घेतलं आणि भर भलत्याच खांद्यात घातली. कोट घालून ते कलंडलेल्या होडीसारखे दिसायला लागले. तेव्हापासून माझी रीत आहे. टेप हातात घेण्याआधी माणसाच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मनात म्हणायचं, हा डावा. माझा नाही, आरशातला नाही, यांचा. मगच माप.

तूही तसंच कर. आणि अर्ज भर. नाही भरलास तर मी तिथे येऊन तुझ्या सरांना अकराही व्हिडिओ दाखवीन.

आई म्हणते की तिला हे सगळं आधीच कळलं होतं. तसं काही नाही.

तुझे,
बाबा

*

११ एप्रिल

ती. बाबांस आणि आईस,

उड्या मारत मारत शि. सा. न.

पास! निकाल आजच लागला. फोनवर आईची किंचाळी ऐकली, पण सगळं सांगता आलं नाही, म्हणून बसले लिहायला.

तुमचं पत्र वाचून मी लंबीला तो शर्ट घालायला लावला, व्हिडिओशेजारी उभं केलं, तर खिसा अंगावर डावीकडे आणि फोनमध्ये उजवीकडे! मग किती हसलो आणि मी किती रडले ते विचारू नका. अर्ज शेवटच्या दिवशी भरला. जुने व्हिडिओ पुसले. यावेळी फोन लंबीच्या बहिणीने हातात धरला आणि मागच्या कॅमेऱ्याने नवे काढले. ओळखीची खूण म्हणून प्रत्येकात आधी खिसा दिसलाच पाहिजे असा नियम केला.

आणि परीक्षेत काय, तर रोग्याच्या अंगात दवाखान्याचा झगा. मागे नाड्या, पुढे ना बटण ना खिसा. म्हणजे ओळखीची खूणच गेली. रोगी म्हणजे एक म्हातारे रखवालदार, मुठी आवळून छताकडे बघत पडलेले. मी त्यांच्याजवळ गेले आणि उजव्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही डाव्यावर ठेवता, पण आम्हाला उभं उजवीकडे राहायचं असतं. मनात म्हटलं, हा उजवा. माझा नाही, फोनमधला नाही, यांचा. पक्कं व्हायला जरा वेळ लागला, तोवर हात तसाच राहिला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि मुठी सोडल्या. मग पोटावर हात ठेवला तर पोट मऊ. भीतीने पोट ताठ धरलं की आतलं काही हाताला लागत नाही, बाबा. श्वास घ्यायला सांगितला आणि यकृताची कड खाली येऊन माझ्या बोटांना टेकली. जिथे असायला हवी तिथेच. खरं सांगू, मला त्या आजोबांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

परीक्षक त्याच बाई होत्या. शेवटी म्हणाल्या की तपासणी नीट झालीच, पण रोग्याला आधी धीर दिलास, हे आज दुसऱ्या कोणी केलं नाही. कुठल्या व्हिडिओत बघितलंस असं विचारलं. मी सांगितलं की व्हिडिओत नाही, आमच्या बाबांच्या दुकानात. बाबा डॉक्टर आहेत का म्हणाल्या. मी म्हटलं, शिंपी आहेत. धीर देणं माझ्या मनातही नव्हतं हे मात्र मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?

आहे तसाच लोभ असावा, वाढला तरी हरकत नाही.

तुमची,
टाचणी

*

१६ एप्रिल

चि. टाचणीस,

अ. उ. आ. आणि या खेपेस टपली नाही.

तुझं पत्र आई येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवते आहे. मास्तरीणबाई दोनदा ऐकून गेल्या. त्या आता रोज सकाळी फिरायला जातात.

तू विचारलंस, बाईंना सांगायला हवं होतं का. मीसुद्धा तो हात आजवर चूक टाळायलाच ठेवत आलो. काल एक वयस्कर गृहस्थ माप द्यायला आले, फार अवघडून उभे होते. मी नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला आणि तुझी आठवण आली, म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी श्वास सोडला आणि खांदे सैल झाले. चाळीस वर्षं हे माझ्या हाताखाली होत होतं आणि मी टेपकडे बघत होतो.

बाईंना काही सांगू नकोस. पुढच्या वेळेपासून धीर द्यायचं मनात ठेवून कर, म्हणजे खोटं राहणार नाही. मीही तसंच करतो.

सुट्टीला येशील तेव्हा डाग पडलेला शर्ट घेऊन ये. धुऊन, इस्त्री करून दुकानात आरशाशेजारी टांगायचा आहे.

तुझे,
बाबा