चौदा दिवसांचा स्वयंपाक

डोकमर्डी, सिल्वासा
४ जानेवारी २०२५

चि. भिकास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कानांमुळे फोनवर मी ओरडते आणि सगळी चाळ ऐकते, म्हणून पत्रच बरं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. पंधरा तारखेला ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंतर चौदा दिवस शेगडीची धग नको, फोडणीचा धूर नको. मी विचारलं, मग माझ्या खानावळीत जेवणारी कारखान्यातली सहा माणसं जेवतील काय? त्या नुसत्या हसल्या.

म्हणून आधीच रांधून ठेवतेय. शेजारच्या कावेरीच्या जावयाचं आइस्क्रीमचं दुकान थंडीत बंद असतं, त्याचा डीप फ्रीजर आणून ठेवलाय. दोन वेळचे मिळून अठ्ठावीस मोठे डबे. मटकीची उसळ, भरीत, डाळ, शेवभाजीचा नुसता रस्सा, एका डब्यात पुरण. शेव ज्याची त्याने वरून घालायची. बटाटा गोठला की त्याचा भुगा होतो, तो वगळला. पोळ्या अर्धकच्च्या भाजून मध्ये कागद घालतेय.

तुझी काळजी तुझ्याकडेच ठेव, माया तेवढी पाठव.

तुझी
पुतळाताई

शिरपूर
९ जानेवारी २०२५

ती. ताईस भिकाचा शि. सा. नमस्कार.

पत्र ऐकून दुर्गाने कपाळावर हात मारला. आपल्या घरात सकाळची डाळ संध्याकाळी गोठ्यात जायची, आणि तू माणसांना पंधरा दिवसांचं वाढणार. तुझ्या शेजारच्या आमलीत गल्लोगल्ली खानावळी आहेत, हे तूच लिहिलं होतंस. एकदा दुसरीकडची चव लागली की ते सहाही जण परत यायचे नाहीत.

त्यापेक्षा खानावळ बंदच कर. भाऊजींना जाऊन नऊ वर्षं झाली, एकटीने अजून किती लाटणार? इथली खोली तुझीच आहे. दुर्गा म्हणते, ताईंना ओट्यापासून लांब ठेवायचं काम तुम्ही करा, बाकीचं मी बघते.

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझा
भिका

डोकमर्डी
२१ जानेवारी

चि. भिकास आशीर्वाद.

मी सांगतेय, कावेरी लिहितेय. ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून खाटेवर बसते आणि कावेरीने गरम करून दिलेला माझाच डबा खाते. पहिल्या दिवशी माझ्या सहा जणांनी डाळ समजून पुरणाचा डबा काढला. ते पोळीशी आणि लोणच्याशी खाल्लं म्हणे.

पण एक मनाला लागलंय. आज सात दिवस झाले. चौदा डबे उरायला हवेत. मी हात घालून मोजले, वीस निघाले. म्हणजे माणसं बाहेर जेवतात आणि माझ्या तोंडावर बरं म्हणतात. तू म्हणालास तेच झालं. कावेरी हे लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

आठवण ठेव.

ताई

शिरपूर
२५ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

माझं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद झाला नाही. दुर्गा तर माझ्यावरच उखडली. दोन तारखेला सकाळच्या गाडीने येतो. सामान बांधून ठेव, जड काही उचलू नकोस.

तुझा
भिका

डोकमर्डी
२९ जानेवारी

चि. भिकास अनेक आशीर्वाद.

हे माझं अक्षर. रेघेवर आहे की नाही बघ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी समाधानला समोर बसवलं. सहा जणांत तो वयाने मोठा. म्हटलं, जेवण आवडत नसेल तर सरळ सांगा, मी दुकान गुंडाळते.  तो म्हणाला, “मावशी, डबे उरले नाहीत. आम्ही भरलेत.”

एकेक डबा रिकामा झाला की हे लोक तो आमलीच्या खोलीवर न्यायचे. कारखान्यातली पाळी सुटली की छोट्या शेगडीवर रांधायचे, भरून परत माझ्या फ्रीजरमध्ये ठेवायचे. पंधराव्या दिवशी मी पदर खोचून उभी राहणार हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून आणखी आठ दिवसांची बेगमी केलीय, तोवर बसा म्हणतात. मी एक डबा उघडून बघितला. त्यांच्यातल्या विशालला कांदा जाड चिरल्याबद्दल ओरडले.

काल त्यांच्या हातचा पहिला डबा मला वाढला आणि सहाही जण समोर उभे राहिले. मटकी अर्धवट शिजलेली, मीठ दुप्पट. तुझे भाऊजी गेल्यापासून कोणी माझ्यासाठी काही रांधलं नव्हतं, भिका. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दोन तारखेला जरूर ये, दुर्गालाही आण. सामान बांधलेलं नाही. तुमची पानं या लोकांच्या पंगतीत मांडते.

तुझी,
आणखी आठ दिवस नुसती बसून राहणारी
पुतळाताई